पाकिटातलं बी

तार्वटी नवऱ्याने कुठल्याशा थंड बंदरातून
बियांचं पाकीट पाठवलं आंजेलिनबायला.
वर चित्र: दगडांवर अंथरलेली जांभळी गोधडी,
आणि अशी लिपी की पाद्रीबाबालाही लागेना.

तिने खणीवरून फुटके चिरे आणवले,
पायरीखाली रचले,
फटींत माती भरली चहाच्या चमच्याने
आणि बी पेरलं. एकवीस.
मी तिच्याकडे इस्त्रीला जायचे. मीच मोजलं.

आषाढ गेला, चवथ गेली.
चिऱ्यांवर शेवाळ, आणि एक बेडूक,
तोही विचारात पडलेला.

मग एका सकाळी सांध्यातून
जमिनीला गाल लावून निघालेली लवदार काडी
आणि शर्टाच्या बटणाएवढं
निळं फूल.

मी ओळखलं.
तुयेच्या सड्यावर बकऱ्यांमागे हिंडताना
पायाखाली हेच असायचं.
ताप आला की आई मुळासकट उकळून पाजायची.
विष्णुक्रांत.
नाव केवढं, आणि बकरीचा एक घास.

सांगणार होते.
पण ती गुडघ्यांवर बसली होती, झग्याची पर्वा न करता.
मी इस्त्रीतला कोळसा फुंकत राहिले.

दुपारी फूल मिटलं तर म्हणते,
‘बघ, इथे आलं आणि आमच्यासारखं झालं.
जेवलं, निजलं.’

एक फूल दाबून तिने चिठीतून पाठवलं.
दोन महिन्यांनी रुझारचं उत्तर आलं:
‘हेच ते. इथे डोंगरभर असतं.’
मला हसू आलं.
वाटलं, बोटीवर माणूस सडासुद्धा विसरतो.
त्याचा बाप तर तिथेच चिरे काढायचा.

चैत्रात सगळं वाळून तारेसारखं झालं.
तिने उपटू दिलं नाही. पाणी घालत राहिली
वाळक्या तारेला, रोज, तांब्याने.
मूळ आत कुठे होतं कोण जाणे,
पुढच्या श्रावणात पाच चिरे झाकले त्याने.

नाताळाला रुझार आला.
चौथ्या दिवशी आंजेलिनबाय अंगणातून ओरडली,
एका रात्रीत सहाव्या चिऱ्यावर पोचलंय म्हणून.
तो खिडकीत दाढी करत होता.
वळलासुद्धा नाही.

त्या दिवशीच्या कपड्यांत त्याचा पांढरा शर्ट होता.
उजव्या बाहीला कोपरापर्यंत
सड्याची तांबडी माती.

मी बाही आधी धुतली,
मग इस्त्री केली.