मागची तारीख

मे महिन्यात आमच्या ऑफिसात दोनच आवाज,
एसी बंद म्हणून आणलेल्या कूलरचा
आणि माझ्या माऊसचा.
किंग्जवेवरच्या या तिसऱ्या मजल्यावरून
मला एकही घर दिसत नाही,
पण अकरा हजार चारशे बारा घरं आहेत माझ्या एका फाइलीत.
घर म्हणजे एक ओळ. ओळीला बेचाळीस रकाने.
बेसा, दिघोरी, वाठोडा, नारी.
दार कुठल्या दिशेला, कोणी विचारत नाही.
विचारतात पिनकोड, चटई क्षेत्र,
सहकर्जदार स्त्री की पुरुष,
किमतीशी कर्जाचं प्रमाण, दोन दशांश स्थळांपर्यंत.

तिमाही संपली की सगळं वर पाठवायचं.
रिकामा रकाना लाल होतो.
लाल ओळी घेऊन मी शाखांना फोन लावते:
भाऊ, तुमच्या नारीच्या कर्जदाराचा जन्म
एक जानेवारी एकोणीसशेचा दाखवतोय.
तिकडून सहारे हसतो, "म्हातारा टिकला म्हणायचा, मॅडम."
मीही हसते. फोन ठेवत नाही, तारीख मिळेपर्यंत.

तारण हा शब्द मी पहिल्यांदा
आईच्या भजनी मंडळात ऐकला होता.
तिथे ते देव करायचा.
इथे ते आपण ठेवतो, आणि बँक त्यावर बोजा चढवते.
बोजा चढवायला आमच्याकडे तीस दिवसांची मुदत आहे.
उतरवायलाही तेवढीच.

या वेळी मिळवणी करताना तीनशे सहा खाती निघाली,
कर्ज फिटलेलं, बोजा नोंदणीत तसाच.
ओळ दोनशे एकोणीस:
निनावे पुंडलिक झिबल, तांडापेठ.
शेवटचा हप्ता चौदा मार्च, नऊ वर्षांपूर्वी.
खातं बंद करणाऱ्याचा आयडी पाहिला.
माझाच होता.

त्या मार्चमधलं आठवतं ते इतकंच:
वर्षअखेर, रात्रीचे साडेदहा,
चौकातून मागवलेले तर्री पोहे,
कुठल्याशा अर्जाला लागलेलं तेल,
आणि सेव्ह दाबणार तोच गेलेली लाईट.
नसेलही गेली.
लाईट गेली असं मी आता म्हणतेय.

कर्जदाराला फोन करणं माझ्या कामात बसत नाही.
केला.
त्यांच्या मागे कुठेतरी माग चालू होता,
खटखट, मग थांबायचा, मग खटखट.
"गिऱ्हाईक आलं होतं दोनदा," ते म्हणाले.
"वकिलानं शोध काढला, म्हणे बोजा हाय.
म्या म्हटलं फेडला न बाप्पा, पावती हाय.
त्यानं कम्प्युटरकडं बोट दाखवलं.
मंग नाही इकलं.
बरंच झालं म्हना, वरच्या खोलीत आता नातू राह्यते."

मी म्हटलं, दोन दिवसांत उतरेल.
ते जरा वेळ गप्प.
"मंग बाई, घर माह्यं झालं कवापासून?
तवापासून का आजपासून?"

मी सिस्टिममध्ये चौदा मार्च टाकून पाहिला.
मागची तारीख स्वीकारता येत नाही.
पुन्हा टाकला.
स्वीकारता येत नाही.
आजची टाकली, हिरवी झाली ओळ.

खाली विलंबाचं कारण:
तांत्रिक, कार्यालयीन, इतर.
इतर निवडलं की पन्नास अक्षरांची चौकट उघडते.
त्यात लिहिलं, मी विसरले.
पंचेचाळीस अक्षरं उरली तरी.
चेकरच्या टेबलावरून लांजेवार सरांनी परत पाठवलं,
कृपया कार्यालयीन निवडावे.
निवडलं.
अकरा हजार चारशे बारा, त्रुटी शून्य.
अहवाल गेला सहा वाजून चार मिनिटांनी.

निनाव्यांचं पत्र छापून आलं, आजच्या तारखेचं.
तिच्याखाली पेनाने, बारीक अक्षरात,
मी चौदा मार्च लिहिलं, आणि वर्ष.
सही केली नाही, तेवढा अधिकार नाही मला.
पाकीट बंद करण्याआधी
पिनकोड तेवढा दोनदा तपासला.