दोन ट्रे

रिओनी नदीवरचं धुकं उठायच्या आत
मी दोन ट्रे मांडले.
एकात पट्ट्या, स्क्रू, बारीक तारा.
दुसऱ्यात आख्खा कोपर,
धातूचा, मधे बिजागरी,
अजून कुणाच्याच मालकीचा नसलेला.

माकवला, वय एकाहत्तर.
बेकरीच्या पायरीवर बर्फ होतं, एवढंच.
पडताना हात पुढे केला नाही,
हातात पीठ होतं, सांडू नये म्हणून,
सगळा भार उजव्या कोपरावर आला.
दंडाच्या हाडाचं खालचं टोक
एक्स-रेत दिसत होतं
शिळा पाव मुठीत चुरल्यासारखं.

काल रात्री डॉक्टर जेमाल तिच्या खाटेवर बसले.
(पेशंटच्या खाटेवर बसायचं नसतं. मीच सांगते सगळ्यांना.)
म्हणाले, नुसतं प्लास्टर घालून ठेवता येईल,
दुखणं ओसरेल, हात मात्र आखडेल.
किंवा तुकडे जुळवू, दोन्ही अंगांनी पट्ट्या बसवू,
तुमचं हाड म्हातारं, स्क्रू धरेल की नाही
सांगत नाही.
किंवा सांधाच बदलू. लवकर हलेल.
पण मग त्या हाताने
दोन-तीन किलोंच्या वर काही उचलायचं नाही.
किती दिवस?
मरेपर्यंत.

ती हसली, दात नसलेल्या बाजूने.
पिठाचं पोतं पन्नास किलोचं, म्हणाली,
ते सून उचलते.
कणकेची परात बारा.
आणि नातीची पोरगी साडेतीन किलोची जन्मली,
तेव्हापासून थांबलेलीच नाही.
जेमाल, तूच सांग, तिला तीनवर कशी आणू?

सही डाव्या हाताने केली,
पट्ट्यांसाठी, आणि नाहीच जमलं तर सांध्यासाठी.
अक्षरं घसरलेली,
तीही बर्फावरून.

कोपराच्या मागची कातडी उघडली.
आधी नस शोधायची,
तीच, जिला धक्का लागला की
करंगळीपर्यंत मुंग्या येतात.
रबराची पट्टी घालून तिला बाजूला घेतलं,
झोपलेलं मूल कुशीवर वळवावं तसं.
मग कोपराचं टोकच कापलं,
आत जायला दुसरं दार नाही.
मोडलेलं नीट करायला एक धड हाड मोडायचं,
वीस वर्षांत याची मला सवय झालेली नाही.

तुकडे नऊ.
एक माझ्या चिमट्यात, तांदळाच्या दाण्याएवढा.
जेमाल बोलेनासे झाले.
पहिला स्क्रू फिरला, फिरतच राहिला,
धरेना.
त्यांची नजर दुसऱ्या ट्रेवर गेली.
नर्सने मत देऊ नये.
दिलं नाही.
फक्त लांबातला लांब स्क्रू उचलून धरला.
तो पलीकडच्या हाडापर्यंत गेला
आणि चावला.

सव्वातीन तास.
दुसरा ट्रे निर्जंतुक करायला पाठवला,
न वापरलेला,
वापरलेल्यांबरोबरच.

सहा आठवड्यांनी फिजिओच्या खोलीत
माकवला आली ती काखेत पाव घेऊन,
होडीसारखा, दोन्ही टोकं निमुळती.
बघा, म्हणाली.
तुकडा मोडला, हात वाकवला.
वाकला, वाकला,
आणि ओठांच्या चार बोटं अलीकडे
थांबला.
कोपराला गूळ लावून चाट म्हणावं,
तसं झालं अगदी.
जेमालनी खिडकीबाहेर पाहिलं.

मग तिने मान खाली केली.
जमिनीत पुरलेल्या मातीच्या भट्टीत
कमरेपर्यंत ओणवं होऊन
पन्नासेक वर्षं पाव थापलेत तिने भिंतीला,
मान अजून तिचं ऐकते.
घास घेतला.
चावला, बराच वेळ.

मीठ कमी आहे, म्हणाली.
कुणी मळली होती ही कणीक?