दोरीला टांगलेला मासा

वेड्यांच्या इस्पितळाची जुनी नोंदवही.
ओल लागलेली पानं. अक्षरं
हिवाळ्यात विरळ, एप्रिलात दाटीवाटीची.

पान एकशे बारा: दोमितिल्ला, बोर्तोलोची बायको.
वय एकतीस. मुलं पाच, जिवंत तीन.
धंदा: दुसऱ्याची जमीन.
आहार: मका.
पुढचा रकाना, आणखी काय?
मका.

ही माझी पणजी.

मी पादुआत एका प्रयोगशाळेत काम करते.
उंदरांच्या यकृताचे थेंब नळ्यांत भरते
आणि दिवसभर एकच रेणू मोजते.
एनएडी म्हणतात त्याला. मी मनात हमाल म्हणते.
घासातली आग पाठीवर घेऊन
तो पेशीच्या भट्टीपर्यंत जातो,
पाठ रिकामी करतो, परत येतो, पुन्हा वाकतो.
एका श्वासात किती खेपा, ते मोजायला बसू नये.
हमाल कमी पडले की
धान्य धक्क्यावर पडून राहतं
आणि घर उपाशी.

म्हणजे तुझं पोट भरलेलं होतं, दोमितिल्ला.
डॉक्टरनं तसं लिहिलंय: भूक नाही म्हणते.
भूक त्याहून आत होती,
जिथं तोंड नसतं.

एप्रिलात शेतावर गेलीस, आणि उन्हानं
तुझ्या हातांना मोजे चढवले, मनगटापर्यंत,
तांबडे, मग तपकिरी, मग सोलून निघणारे.
गळ्याभोवती तसाच एक हार.
लग्नातही मिळाला नव्हता तुला इतका रुंद.
मग पोट वाहू लागलं. मग झोप गेली.
मग एके पहाटे तू कोंबड्यांना
मुलांच्या नावांनी हाका मारल्यास
आणि मुलांकडे बघितलंस
कुणाची ही, अशा नजरेनं.

गाव म्हणालं, रक्तच वाईट.
जमीनदार म्हणाला, मका कुजका निघाला असेल,
पुढच्या खेपेला चांगला देतो.

मका कुजका नव्हता.
हवं ते दाण्यातच होतं, कुलूप लावून.
तो जिथून आला, त्या समुद्रापलीकडच्या बाया
रात्री त्याला चुन्याच्या पाण्यात भिजत घालत.
सकाळी कुलूप उघडलेलं.
जहाजांनी दाणे आणले. बायांना कुणी विचारलं नाही.
मक्याला लावायचा तो चुना
मग पिढ्यान् पिढ्या
आपल्यालाच लावला गेला.

इस्पितळात तुला दूध मिळालं, गव्हाचा पाव,
गुरुवारी हाडांचं सूप.
सहा आठवड्यांत नवी कातडी.
मुलांची नावं आठवली, तिघांची,
आणि गेलेल्या दोघांचीही.
सुधारणा. घरी सोडली.
घरी, म्हणजे मक्याकडे.
पुढल्या एप्रिलात पान एकशे चाळीस.
सुधारणा. घरी सोडली.
त्याच्या पुढल्या एप्रिलात
तारीख आहे, नाव आहे,
शेवटच्या रकान्यात शाईचा एक ठिपका,
जणू कारकुनानं टाक टेकवला
आणि कुणीतरी त्याला हाक मारली.

आई अजून रविवारी पोलेंता करते.
फळीवर ओतते, पिवळा, वाफाळता,
आणि दोऱ्यानं कापते. सुरी लावू देत नाही.
सोबत ससा, चीज. कुणाला काही होत नाही.
काल कापता कापता म्हणाली,
माझी आई सांगायची, तिच्या लहानपणी
मेजाच्या वर, आढ्याला दोरीनं
एक खारा हेरिंग टांगलेला असे.
प्रत्येकानं आपला तुकडा त्याला एकदा घासायचा.
वासापुरता. खायचा नाही, सणापर्यंत पुरवायचा.
मुलं चोरून दोनदा घासत,
तेव्हा तिची आई चापट द्यायची,
लाल, खरखरीत हातानं.

मी घास खाली ठेवला.
शंभर ग्रॅम हेरिंगमध्ये किती असतं, मला पाठ आहे.

इतकी वर्षं ते तुमच्या डोक्यावर झुलत होतं,
आणि तुम्ही सगळे, हात उंचावून,
त्याला नुसतं शिवत होतात.