नळाच्या दिवशी

आमच्या लोकमान्य नगरात
नर्मदा एक दिवसाआड येते, सव्वासहाला,
आणि पाऊण तासात जाते.
तेवढ्यात पिंप, बादल्या, मोरी,
आणि शेवटच्या तांब्याने देव.
देव पाच. सहावा दगड.

माझे वडील, अप्पा रिंगे, बोअरच्या गाडीवर होते.
बत्तीस वर्षं त्या घरघरीत
डावा कान गेला, तरी
कुठे मुरूम संपला, कुठे काळा पत्थर लागला
हे तळपायांनी ओळखायचे.
मनावरच्या पुढे, बाघच्या बाजूला,
एका शाळेसाठी तीनशे फूट गेले. धूळ.
गाडी आवरताना कुणाच्या तरी पोराने
नाल्यातून उचलून हातावर ठेवला
तो हा. डब्याच्या फडक्यात बांधून आणला.

लिंबाएवढा. वर पाच पाकळ्या,
सुईने टोचून टोचून काढाव्यात तशा.
कॉलेजातले निगुडकर सर भिंग लावून म्हणाले,
फूल नाही, प्राणी आहे. समुद्रातला.
अंगभर काटे होते, झडले.
इथे?
इथेच. नर्मदेच्या खोऱ्याने समुद्र आत आला होता,
नऊ-दहा कोटी वर्षं झाली.
अप्पांनी दारातच चपला काढल्या होत्या,
नाहीतर तेव्हा काढल्या असत्या.
परतताना रिक्षावाल्याला म्हणाले,
पाणी शोधायला गेलो भिया, समुद्र लागला.

सर आणखी एक बोलले होते, आईला ऐकू जाणार नाही असं:
तुमच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम,
तोही त्याच घरचा. माकुळाचा दूरचा चुलता.
त्याला आम्ही बायकांनी शिवायचं नाही.
अप्पांच्या मागे भावाने तो पुण्याला नेला,
रेशमी बटव्यात, विमानाने.
या पाच पाकळ्यांविषयी मात्र
कुठल्याच पोथीत काही लिहिलेलं नाही.
म्हणून याला मी न्हाऊ घालते.

भावाची सावनी सुट्टीत येते,
रात्री पांघरुणात फोन धरून दाखवते:
कपाळावर दिवा टांगलेला मासा.
तीन काळजांचा, आठ हातांचा कोणी.
काचेच्या डोक्याचा एक, डोळे आतल्या आत फिरवणारा.
आणि एक काकडी, घाबरली की
स्वतःची आतडी फेकून निसटते,
मग बसून नवी उगवते.
ईई, आत्या! म्हणत ती झोपून जाते.
मी जागी.

तिथे खाली लाल रंग म्हणे दिसतच नाही, काळा होतो.
तरी ते लालच आहेत.
कुणासाठी?

सराफ्यात आमच्या ओळखीचे एक जडणारे होते, वझरकर.
अंगठीच्या आतल्या अंगालाही वेल कोरायचे.
आई चिडायची, मजुरी वाढवता उगाच,
आत कोण बघणार?
ते फुंकर मारून सोन्याचा कीस उडवायचे, म्हणायचे,
बोट.

आज नळाचा दिवस.
तांब्या ओतते. कोरडा करडा दगड
एकदम काळसर होतो, जागा झाल्यासारखा,
आणि टोचलेल्या एका भोकातून
मोहरीएवढा बुडबुडा.
दगडात हवा असते, सर म्हणाले असते.
असेल.
त्याच खोऱ्यातलं पाणी, पाइपातून डोंगर चढून,
माझ्या हाताने याच्या अंगावर परत.
हात जोडायचे राहतात कित्येकदा,
टाकी भरून वाहायला लागते, मोटर बंद करायला धावते.

पुसताना आज पालथा केला.
खालच्या अंगाला तोंड होतं, सर म्हणाले होते.
बघितलं.
अजून उघडंच आहे.