रुंद पान

मार्केट यार्डातला दुकानदार म्हणाला,
साहेब, हे निवडून मारतं.
रुंद पान जातं, बारीक पान राहतं,
तुमच्या लॉनच्या केसालाही धक्का नाही.
बत्तीस वर्षं पिंपरीला क्वालिटीत काढली मी.
निवडणं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

बावधनचं रो हाउस, मागे चारशे चौरस फूट हिरवळ.
शेजारच्या गोगट्यांची बिलियर्डच्या टेबलासारखी,
माझ्यात मात्र घोळ, आंबुशी, नायटी
आणि एक जांभळं काहीतरी, ज्याचं नाव मला कधी कळलं नाही.
खुरपं घेऊन बसावं तर गुडघे बोलतात.

रविवारी संध्याकाळी वारा पडल्यावर
लिटरला तीन मिली, मापाच्या झाकणानं.
चष्मा, मास्क, रेनकोटची जुनी पँट.
पंपाचा पट्टा खांद्यात रुतत होता
आणि मला, खरं सांगतो, बरं वाटत होतं.
किती दिवसांनी एखादं काम पुरं होत होतं.
वास फिनेलसारखा.
रात्री जेवताना बोटांना येत राहिला.

सोमवारी सकाळी मी टेकडीवर फिरायला गेलो.

मंगळवारी भांडी घासून झाल्यावर
अंजिराबाईंनी पिशवीतून स्टीलचा छोटा डबा काढला.
घ्या, तुमच्याच अंगणातली घोळ.
काल जाताना ओंजळभर खुडली, कोवळी होती,
मूगडाळ घालून केली.
नातवानं दोनदा मागून घेतली,
एरवी पालेभाजी म्हटलं की तोंड फिरवतो.

फ्रिजचा आवाज एकदम मोठा झाला.
बरा आहे ना तो?
त्याला काय झालंय, शाळेत गेला की.
आणि तुम्ही?
मी ही काय, उभी आहे तुमच्यापुढं.

त्या गेल्यावर मागे जाऊन पाहिलं.
मरणं सुरू झालं होतं, पण सरळ नव्हतं.
देठ पिळवटलेले, पानं उलटी,
कुणी हाक मारली म्हणून मान वळवावी
आणि ती तिथंच अडकावी, तशी.
बाटलीवरच्या कागदावर निळा त्रिकोण, खाली मराठी,
मुंगीहून बारीक. भिंग आणलं.
गुरांना चारू नये, असं होतं.
माणसांचं कुणी लिहिलं नव्हतं.

मग मी तो डबा उघडला आणि उभ्यानंच संपवला,
पोळी नाही, काही नाही.
आंबटसर, लसणाची फोडणी, डाळ बोटचेपी शिजलेली.
शरयू गेल्यापासून या ओट्यावर
इतकी चांगली भाजी आली नव्हती.
हे प्रायश्चित्त होतं की भूक,
याचा निकाल मी अजून लावलेला नाही.

रिकामा डबा परत देऊ नये म्हणतात.
बुधवारी त्यात साखर घालून दिली.
उद्या सांगू, उद्या सांगू करता शनिवार झाला.
रोज साडेआठला फाटकाची कडी वाजेपर्यंत
मी खिडकीशी.
त्याच आठवड्यात नातवाला सर्दी झाली.
साधीच असणार. मुलांना होते.
मी डॉक्टरसाठी पाचशेची नोट पुढे केली.
कशाबद्दल? त्यांनी विचारलं.
मी म्हटलं, असू दे.
त्यांनी ती ओट्यावर ठेवली, वर मिठाची बरणी ठेवली
आणि लादी पुसायला गेल्या.

आता हिरवळ एकसारखी आहे.
गोगटे कुंपणावरून म्हणाले, काय मारलंत हो?
औषध, मी म्हणालो.
आपल्याकडे त्याला तोच शब्द आहे.

काल मागच्या नळाखाली, फरशीच्या फटीत
लाल देठाची एक घोळ दिसली.
अंजिराबाई फडकं पिळायला वाकल्या, थांबल्या.
हात तिच्यापर्यंत गेला
आणि मी दारातूनच म्हणालो, नको.
एवढंच. नको.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
मग न खुडताच
बोटं पदराला पुसली, एकेक करून.
असं होय, म्हणाल्या,
आणि बादली उचलली.