माक्याचं तेल

आष्ट्याच्या प्रयोगशाळेत, मागच्या खोलीत,
मी गांधीलमाशा वाढवते.
नाव मोठं, जीव तिळाहून लहान;
माणसाला तिची नांगी कळतसुद्धा नाही.
तिला हवी असते उसात शिरलेली अळी,
जिवंत, आतून कांडी पोखरणारी.

अळी दिसत नाही. कांडीला भोक,
भोकाशी ओला भुस्सा, म्हणजे तिचीच घाण.
नळीत जन्मलेली माशी पहिल्यांदा
त्या भुश्शावरून नुसती चालत जाते,
गावात नव्यानं आलेल्या पोस्टमनसारखी.
एकदा नांगी अळीत रुतली
की वासाला पत्ता मिळतो.
पुढचं भोक ती निम्म्या वेळात गाठते.
तीनचारदा रिकामं निघालं
तर तो वास सोडून देते. कुढत नाही.
मी अजून वाळव्याच्या स्टॉपवर
एसटीच्या खिडकीतून मान बाहेर काढते.

चैत्रात कुबेर मगदुमांच्या आडसालीत
आम्ही नळ्यांची बुचं काढली.
निम्म्या माशा उसात गेल्या,
बाकीच्या माझ्या वेणीत.
"बाई, कीड तुमच्या डोक्यातच हाय की!"
मगदूम हसले. शकिला नवी,
ती ओढणीनं झटकायला धावली.
मी म्हटलं, थांब.
मोजल्या. अकरा.

रात्री भांडी घासताना उलगडलं.
रोज सकाळी वेणी घालते, माक्याचं तेल चोपडून,
आणि त्याच बोटांनी कापसाला मध लावून
नळीत सरकवते.
त्या दिवशी घाईत निम्म्या नळ्या
उपाशी निघाल्या होत्या.
उपाशींना माका आठवला,
धालेल्यांना भुस्सा.
मोहरीच्या कणाएवढं डोकं, त्यात दोन खण,
कुठला कधी उघडायचा ते पोट ठरवतं.

आता हातमोजे. शकिलाला सांगते,
आधी मध पाजायचा,
मग भुश्शावर एक फेरी, एक अळी,
मगच शेत.
ती वहीत लिहून घेते, कारण विचारत नाही.

एक नळी मात्र, खिडकीकडची शेवटची,
मी उघड्या हातानं भरते.
साडेपाचला रजिस्टर मिटलं, शकिला गेली,
की बूच काढते, वेणी पुढं घेऊन बसते.

येतात.

वेणीच्या टोकाला आधीच
मधाचा थेंब लावून ठेवलेला असतो.
रिकामं निघालं तर शिकतील ना त्या.