पान अठ्ठ्याऐंशी

धक्क्याचं नावच फेअरवेल. निरोप.
इथून फोगो बेटाची फेरी सुटते, सुटली तर.
आज धुकं इतकं, की खिडकीतून
मीच लावलेलं फाटक मला दिसत नाही.
सात गाड्या रांगेत. पहिल्या ट्रकात
बेटावरच्या दुकानाचं दूध आणि पाव.
मी तिकिटांच्या गल्ल्यावर, हीटरला पाय लावून
मार्व्हिसने दिलेली कादंबरी वाचते आहे.
"रडशील," म्हणाली होती, "रुमाल घेऊन बस."

रुमाल कोरडा.

तो ड्रू. तीन रेस्तराँ, एक जबडा.
जबड्याचं वर्णन अकरा वेळा, मोजलं मी,
धुक्यात माणूस काहीही मोजतो.
चौथ्याच प्रकरणात तो वेटरवर खेकसतो,
सूप कोमट म्हणून,
आणि लेखिका म्हणते, आतून दुखावलेला आहे बिचारा.
बाई गं, आतून धड कोण आहे?
गार्लंडचे दोन भाऊ एकाच होडीत गेले,
त्याने कधी सूप परत पाठवलं नाही.

ती तालिया. काचेच्या इमारतींतली घरं विकते.
मैत्रीण रडत फोन करते, तर ही
फोन स्पीकरवर टाकून नखं रंगवते,
आणि तिथे म्हणे आपण हसायचं.
दोघं खोटं बोलतात, पकडलं की रुसतात,
रुसवा संपला की विमानतळावर धावतात.
दोनशे बाराव्या पानावर एकदाचे ओठ भेटले.
मी तेव्हा ट्रकवाल्याला सुटे पैसे मोजत होते.
परत आले तर उरकलं होतं.
मागे जाऊन पाहिलं नाही.

मला संत नको होते, हे मार्व्हिसला सांगायला हवं.
भांडकुदळ चालतात. चिक्कू चालतात.
माझी आई दोन्ही होती, तरी तिच्या तिरडीला
अख्खं बंदर लोटलं होतं.
पण वाईट असायलाही
माणसाने आधी कुठेतरी हजर असावं लागतं.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर एक कुत्रा आहे.
बिस्किट. ड्रूचाच. एक कान पडलेला.
दोघं कॉफी घ्यायला जातात, त्याला बाहेर खांबाला बांधतात.
आत नजरानजर, मनगटावर फेस,
मग मागच्या दाराने टॅक्सी,
समुद्र दिसणारा कुठलासा फ्लॅट बघायला.
एकोणनव्वद. नव्वद. एक्क्याण्णव.
कुत्र्याचं नाव नाही.
शेवटपर्यंत शोधला.
किनाऱ्यावरच्या लग्नात पाहुण्यांच्या पायांत शोधला.
अडीचशे पानं तो खांबाशी बसला आहे.
दार वाजलं की कान उचलतो, एकच.

चार वाजता फेरी रद्द झाली.
मी गाडी-गाडीपाशी जाऊन काचेवर टकटक केलं,
सांगितलं, उद्या सकाळी बघू.
तिसऱ्या गाडीतली म्हातारी मांडीवर केक घेऊन बसली होती,
नातवाचा पाचवा वाढदिवस, पलीकडे.
तिला माझ्या थर्मासमधला चहा दिला.
केकवरचं पाच तिने मला दोनदा दाखवलं.

रात्री गार्लंडला गोष्ट सांगितली.
तो इंजिनाचा प्लग घासत होता. पुस्तक त्याने
शाळा सुटल्यापासून हातात धरलेलं नाही.
"जमतं का त्यांचं शेवटी?"
जमतं, म्हटलं.
हं, म्हणाला, आणि प्लगवर फुंकर मारली.
दिवा घालवल्यावर, मला डोळा लागत असताना,
अंधारातून:
"आणि कुत्र्याला कोणी सोडलं?"
नाही रे.
बराच वेळ त्याची पाठ जागी होती.
मग मला रडू आलं, कुठलं ते कळेना,
रुमाल कोटाच्या खिशात, कोट खाली.

सकाळी धुकं विरलं. म्हातारी केकसकट पहिल्या फेरीने गेली.
पुस्तक परत केलं, तर मार्व्हिसचा पहिला प्रश्न:
"रडलीस?"
हो.
"सांगितलं नव्हतं! कुठे? विमानतळावर?"
अठ्ठ्याऐंशीवर.
तिने बोटाला थुंकी लावून पान काढलं,
चष्मा वर केला, खाली केला.
"इथे तर," म्हणाली, "नुसती कॉफी आहे."